काचेचं बटण आणि माघारी बोलावलेल्या गाड्या

पॉवर विंडो म्हणजे दाराच्या पत्र्याआड बसवलेली एक लहान मोटर, काच पेलून वर-खाली नेणारी यंत्रणा आणि या दोन्हींना हुकूम देणारं बटण. 1940 च्या सुमारास अमेरिकेतल्या पॅकार्डसारख्या महागड्या मोटारींत ही सोय प्रथम आली. भारतात कित्येक वर्षं ती वरच्या मॉडेलपुरतीच होती आणि बाकीच्या गाड्यांत हँडल फिरवून काच चढवावी लागे. आता लहान गाड्यांतही निदान पुढच्या दारांना ती असतेच. ब्रेक, स्टिअरिंग किंवा एअरबॅग यांच्याबद्दल जशी काळजी वाटते तशी या बटणाबद्दल कोणाला वाटत नाही. तरीही जगातल्या मोठ्या रिकॉलपैकी काही याच बटणापायी करावे लागले आहेत. दोष निघालेली गाडी कंपनीने माघारी बोलावून फुकट दुरुस्त करून देणे, याला रिकॉल म्हणतात.

पॉवर विंडोत जिवाला धोका दोन प्रकारे होतो. एक म्हणजे बटणाच्या आत उष्णता साठून आग लागणे. दुसरा म्हणजे वर चढणाऱ्या काचेत हात, बोट किंवा मान सापडणे. दोन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे आणि त्यांचे रिकॉलही वेगळ्या तऱ्हेचे.

आधी आगीचं पाहू. ड्रायव्हरच्या दारावर चारही काचांची बटणं एकत्र असतात, त्याला मास्टर स्विच म्हणतात. तो उघडला तर आत प्लास्टिकचा साचा, त्यात बसवलेल्या धातूच्या पट्ट्या आणि त्यांच्यावर सरकणारे संपर्कबिंदू दिसतात. संपर्कबिंदूंवर ग्रीसचा पातळ थर दिलेला असतो. मोटर सुरू होताना आणि थांबताना दर वेळी या बिंदूंमध्ये बारीकशी ठिणगी पडते आणि घर्षणाने धातूची अतिसूक्ष्म झीज होते. ग्रीस सगळीकडे सारखं असेल तर ही झीज नगण्य राहते. कुठे कमी पडलं असेल तर धातूचा चुरा सुटतो आणि दोन पट्ट्यांमधल्या प्लास्टिकवर साचत जातो. त्यावर ओल आली की जिथून वीज जायला नको तिथून ती झिरपू लागते. झिरपणाऱ्या विजेने जागा तापते, तापलेलं प्लास्टिक काळवंडतं, आणि काळवंडलेल्या भागात कार्बन असल्यामुळे तो आणखी वीज वाहू देतो. या टप्प्यावर दोष आपला आपण वाढू लागतो.

मग फ्यूज का उडत नाही, हा प्रश्न साहजिक आहे. पॉवर विंडोचा फ्यूज साधारण 20 ते 30 अँपिअरचा असतो, कारण काच वर टेकून मोटर अडली की ती क्षणभर बराच प्रवाह ओढते. झिरपणारा प्रवाह त्याहून पुष्कळ कमी असतो. 12 व्होल्टवर नुसते 5 अँपिअर धरले तरी 60 वॅट होतात. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातली सोल्डरिंगची इस्त्री बहुधा 25 ते 35 वॅटची असते. तिच्या दुपटीएवढी उष्णता नखाएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या डबीत कोंडली जाते, आणि फ्यूजच्या दृष्टीने मात्र सगळं ठीक चाललेलं असतं. फ्यूज असतो तारा वाचवण्यासाठी. असा मंद, स्थानिक ताप ओळखणं त्याच्या आवाक्यात नाही.

होंडाच्या गाड्यांत कारण होतं पाणी. 2009 मध्ये दक्षिण आफ्रिकेत केप टाउन इथे एका जॅझ गाडीला आग लागून दोन वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. जानेवारी 2010 मध्ये होंडाने जगभरातल्या सुमारे 6 लाख 46 हजार गाड्या माघारी बोलावल्या. कुठे फिट तर कुठे जॅझ या नावाने विकली जाणारी गाडी आणि सिटी अशी मॉडेलं त्यांत होती. ड्रायव्हरच्या बाजूची काच उघडी राहून पाऊस किंवा दुसरा एखादा द्रव आत आला तर तो मास्टर स्विचमध्ये उतरे आणि स्विच तापून वितळण्याचा, पेट घेण्याचा संभव निर्माण होई. दुरुस्ती अगदी साधी होती. स्विचखाली पाणी अडवणारं आवरण बसवायचं आणि स्विच खराब झालेला दिसला तर बदलायचा. भारतात त्या वेळी 2007 साली बनलेल्या 8,532 सिटी गाड्या बोलावण्यात आल्या. जिथे चार महिने पाऊस कोसळतो आणि टोलनाक्यावर किंवा पार्किंगच्या चिठ्ठीसाठी भर पावसात काच खाली घ्यावीच लागते, अशा मुलखात हा दोष किरकोळ म्हणता येणार नाही.

टोयोटाचं प्रकरण संख्येने फार मोठं. 2007 च्या कॅमरी आणि रॅव्ह4 गाड्यांच्या दारांतून धूर आणि आग निघाल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने फेब्रुवारी 2012 मध्ये चौकशी सुरू केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात टोयोटाने जगभरातल्या सुमारे 74 लाख 30 हजार गाड्या माघारी बोलावल्या. त्यांतल्या सुमारे 25 लाख एकट्या अमेरिकेतल्या होत्या. कॅमरी, कोरोला, यारिस, रॅव्ह4, हायलँडर अशी त्या काळातली कंपनीची बहुतेक गाजलेली नावं या यादीत होती. भारतात सुमारे 8,700 कोरोला अल्टिस आणि कॅमरी गाड्यांचा समावेश झाला. कारखान्यात स्विचला ग्रीस लावताना ते सगळीकडे सारखं लागलं नव्हतं, हे मूळ कारण. एकाच तऱ्हेचा स्विच अनेक मॉडेलांत वापरला की पैसे वाचतात, दुरुस्ती सोपी होते, सुटे भाग कुठेही मिळतात. पण त्याच एका भागात खोट निघाली तर ती लाखो गाड्यांत एकदमच निघते.

या रिकॉलमधला एक इशारा फार महत्त्वाचा होता. दोष वाढू लागला की बटण दाबताना अडखळल्यासारखं, चिकटल्यासारखं लागे. अशा वेळी मालक किंवा कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला मेकॅनिक काय करील? बाजारात मिळणारा स्प्रे मारील. बटण दोन दिवस मोकळं चालेल आणि काम झालं असं वाटेल. टोयोटाने नेमकं हेच करू नका म्हणून सांगितलं, कारण बाजारातल्या वंगणाने स्विच वितळण्याचा आणि धूर येण्याचा धोका होता. सर्व्हिस सेंटरमध्ये स्विच तपासून त्याला खास फ्लोरिनयुक्त ग्रीस लावलं जाई. तासाभराच्या आतलं काम.

हे एवढ्यावर थांबलं नाही. ऑक्टोबर 2015 मध्ये टोयोटाने पुन्हा सुमारे 65 लाख गाड्या त्याच भागासाठी बोलावल्या, त्यांत अमेरिकेतल्या सुमारे 20 लाख. या गाड्या 2005 ते 2010 या काळातल्या होत्या, म्हणजे रिकॉल निघाला तेव्हा काहींना दहा वर्षं होत आली होती. ग्रीसची कमतरता, संपर्कबिंदूंच्या झिजेचा चुरा आणि ओल, हीच साखळी तिथेही होती. एका ग्राहकाचा हात भाजल्याची नोंद झाली होती.

सर्वांत बोलकं उदाहरण मात्र जनरल मोटर्सचं आहे, कारण तिथे दुरुस्तीच फसली. ट्रेलब्लेझर, एनव्हॉय आणि त्यांच्या जातकुळीच्या 2006-07 मधल्या सुमारे अडीच लाख मोठ्या गाड्या कंपनीने ऑगस्ट 2012 मध्ये बोलावल्या. ड्रायव्हरच्या दारातल्या मॉड्यूलमध्ये द्रव शिरून तिथला सर्किट बोर्ड गंजे आणि शॉर्टसर्किट होई. हा रिकॉल आधी फक्त 20 राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन यांच्यापुरता होता, कारण तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात आणि खाऱ्या पाण्याने गंज लवकर चढतो. पण गाडी एका राज्यात राहत नाही. ती विकली जाते, मालकाची बदली होते, गाडी प्रवासाला जाते. पुढच्या वर्षी बाकीच्या राज्यांतल्या गाड्याही बोलावाव्या लागल्या. मॉड्यूलवर संरक्षक लेप देणं हा पहिला उपाय होता. लेप दिलेल्या गाड्यांतही दोष पुन्हा उपटला. शेवटी 2014 च्या उन्हाळ्यात सुमारे 1 लाख 89 हजार गाड्यांच्या मालकांना सांगण्यात आलं की नवं मॉड्यूल बसेपर्यंत गाडी घरालगतच्या गॅरेजमध्ये ठेवू नका, उघड्यावर उभी करा. या मॉड्यूलला किल्ली काढल्यावरही वीज मिळत राहते. त्यामुळे बंद करून लावून ठेवलेली गाडीही पेटू शकत होती, आणि गाडीबरोबर घरही.

आता दुसरा धोका. काच वर ढकलणाऱ्या मोटरला वर्म गिअर जोडलेला असतो. त्याच्या रचनेमुळे मोटर काचेला हलवू शकते, पण काच मोटरला हलवू शकत नाही. म्हणून बाहेरून हाताने दाबून काच उतरवता येत नाही, ही चोराविरुद्धची सोय आहे. पण हीच गोष्ट आत अडकलेल्या मुलाच्या विरोधातही जाते. मान सापडली तर ते मूल किंवा शेजारचं माणूस कितीही जोर लावो, काच मागे हटत नाही. ती उतरते ती फक्त बटणाने किंवा गाडीने स्वतःहून उलट फिरवल्याने.

जुन्या गाड्यांत दाराच्या हातटेकणीवर सपाट, दोन्हीकडे झुकणारं बटण असे. खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहणाऱ्या मुलाचा गुडघा किंवा पाऊल त्यावर पडलं की काच चढू लागे आणि दाब त्याच मुलाचा असल्याने ती थांबतही नसे. अमेरिकेत अशा मृत्यूंनंतर पालकांनी आणि बालसुरक्षेच्या संघटनांनी बरीच वर्षं आवाज उठवला. 2004 मध्ये तिथल्या प्रशासनाने चुकून दाबल्या जाणाऱ्या बटणांना आळा घालणारा नियम केला. काँग्रेसने 2005 च्या कायद्यात आणखी पुढे जाऊन असं ठरवलं की काच वर नेण्यासाठी बटण बोटाने वर ओढावं लागेल. वरून पडलेल्या वजनाने काच फक्त खाली जाईल. आजच्या बहुतेक गाड्यांत बटणाच्या पुढच्या कडेखाली बोट घालून ते उचलावं लागतं, त्यामागे ही हकिकत आहे. रुपयाचाही जादा खर्च न होता जीव वाचवणाऱ्या रचनांचा विचार करताना हे बटण पहिल्या रांगेत ठेवायला हवं.

दुसरा बचाव म्हणजे अडथळा लागताच काच आपोआप उलट फिरणं. मोटरपाशी बसवलेला सेन्सर तिचे फेरे मोजत असतो. काच कुठपर्यंत आली आणि कोणत्या वेगाने चढते आहे हे त्यावरून गाडीतल्या संगणकाला कळतं. मध्येच वेग घटला की अडथळा आहे असं धरून मोटर उलटी फिरवली जाते. युरोपात पाळला जाणारा संयुक्त राष्ट्रांचा नियम आणि अमेरिकेचं मानक क्रमांक 118 या दोहोंत मर्यादा सारखीच आहे: अडकलेल्या वस्तूवर 100 न्यूटन, म्हणजे ढोबळपणे दहा किलो वजनाएवढा दाब पडण्याआधी काच उलटी फिरली पाहिजे. चाचणीत 4 मिलिमीटरपासून 200 मिलिमीटरपर्यंत जाडीचे दांडे उघड्या खिडकीत धरतात. चार मिलिमीटरची फट तान्ह्या मुलाच्या करंगळीपेक्षा लहान आणि 200 मिलिमीटर मुलाच्या डोक्याहून मोठी. अमेरिकेत मात्र ही सक्ती ठरावीक काचांनाच आहे. बटणाला एकदा स्पर्श करून सोडल्यावर आपोआप बंद होणाऱ्या, किंवा गाडीबाहेरून रिमोटने बंद करता येणाऱ्या काचा त्यात येतात. बटण दाबून धरल्यावरच चढणाऱ्या काचेला ती लागू नाही. सगळ्याच काचांना ती लावावी का, असा विचार तिथे 2008 च्या मुलांच्या वाहतूक सुरक्षा कायद्यानंतर झाला, पण 2011 मध्ये प्रशासनाने तो प्रस्ताव सोडून दिला. हा निर्णय पटण्यासारखा नाही. गाडीत सेन्सर आणि संगणक आहेतच, तर मागच्या सीटवरच्या मुलाच्या काचेला त्यांचा लाभ न देण्याला सबळ कारण उरत नाही.

या दुसऱ्या प्रकारच्या दोषाचा मोठा रिकॉल टेस्लाचा. सप्टेंबर 2022 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे 11 लाख गाड्या त्यात आल्या. 2017 ते 2022 मधल्या मॉडेल 3 आणि नंतरच्या काही वर्षांतल्या मॉडेल वाय, एस, एक्स यांचा त्यात समावेश होता. अडथळा लागल्यावर काच उलटी फिरण्यात जो दाब आणि जो उशीर होत होता, तो मानकात बसत नव्हता. कंपनीच्याच चाचण्यांत हे आढळलं आणि तोवर कोणी जखमी झाल्याची नोंद नव्हती. दुरुस्तीसाठी एकही गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी लागली नाही. नवं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून गाडीत उतरलं. याला रिकॉल का म्हणावं, असा आक्षेप कंपनीप्रमुख इलॉन मस्क यांनी घेतला. पण कायद्याला दुरुस्ती कशी झाली याच्याशी कर्तव्य नसतं. सुरक्षेचं मानक मोडलं, ते जाहीर करून सुधारणं बंधनकारक, आणि त्याची सरकारदरबारी नोंद होणं ग्राहकाच्याच हिताचं आहे.

अमेरिकेत रिकॉलचा पाया 1966 च्या वाहन सुरक्षा कायद्याने घातला. दोष ठरल्यापासून कामाच्या पाच दिवसांत कंपनीने प्रशासनाला कळवायचं, मग प्रत्येक मालकाला पत्र पाठवायचं आणि दुरुस्ती फुकट करून द्यायची. गाडी पंधरा वर्षांपर्यंत जुनी असली तरी हा हक्क राहतो. पूर्वी ही मर्यादा दहा वर्षांची होती.

भारतात 2012 मध्ये सियाम या वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेने पाळायची संहिता केली. कायद्याचं बळ मिळालं ते 2019 च्या दुरुस्तीने. मोटार वाहन कायद्यात कलम 110-अ आलं आणि पर्यावरणाला, ड्रायव्हरला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका असेल तर केंद्र सरकार गाड्या परत घ्यायचा आदेश देऊ शकतं, असं ठरलं. त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. मालकांच्या तक्रारी ठरावीक संख्येच्या वर गेल्या की चौकशी होऊ शकते, आणि कंपनीने आपणहून पाऊल न उचलल्यामुळे सक्तीचा रिकॉल करावा लागला तर 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वाहनांची तपासणी करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांमध्ये पुण्याची एआरएआय आहे.

पण या नियमांत एक मर्यादा आहे. ते सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना लागू होतात. पॉवर विंडोच्या आगीचे जे रिकॉल वर पाहिले त्यांत दोष कारखान्यातून गाडी निघाली त्या दिवसापासूनच आत असला तरी तो पिकायला वेळ लागला. ग्रीस सुकायला, चुरा साचायला, बोर्डाला गंज चढायला वर्षं जातात. टोयोटाच्या 2015 च्या आणि जनरल मोटर्सच्या 2014 च्या रिकॉलमधल्या कित्येक गाड्या भारतीय नियमाच्या चौकटीत बसल्याच नसत्या. आपल्याकडे खासगी पेट्रोल गाडीची नोंदणीच पंधरा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करून ती वापरता येते. गाडी जुनी होत जाते तसा या दोषाचा धोका वाढतो आणि नेमक्या त्याच काळात कायद्याचा हात तिच्यापर्यंत पोचत नाही. या एका दोषापुरतं पाहिलं तरी सात वर्षांची मुदत तोकडी आहे.

मुदतीखेरीज पत्त्याचाही प्रश्न आहे. कंपनीकडे नोंद असते ती पहिल्या मालकाची. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेली, सर्व्हिसिंग कंपनीच्या सेंटरऐवजी ओळखीच्या गॅरेजमध्ये होऊ लागलं की रिकॉलचं पत्र किंवा मेसेज भलत्याकडे जातो. आरसीवर नाव बदललं तरी कंपनीच्या यादीत ते बदलतंच असं नाही. शिवाय बेस मॉडेल घेऊन बाहेरच्या अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातून पॉवर विंडोचं किट बसवून घेण्याची पद्धत आपल्याकडे बरीच रूढ होती. त्यासाठी मूळ वायरिंग कापून जोड दिलेले असतात. अशा किटला कंपनीचा रिकॉल लागू होत नाही आणि किट बनवणारा कोण हे बहुतेकदा मालकालाही ठाऊक नसतं.

दोषाची चाहूल मात्र बऱ्याचदा आधी लागते. बटण अडखळतं किंवा दाबल्यावर वर यायला वेळ घेतं, काच कधी चालते कधी नाही, बटणाजवळचं प्लास्टिक हाताला गरम लागतं, जळका वास येतो, पावसात काच आपोआप हलते. यांपैकी काही दिसलं तर ते बटण वापरणं थांबवून स्विच तपासून घ्यावा. त्यावर स्प्रे मारू नये आणि फ्यूज उडत असेल तर जास्त अँपिअरचा फ्यूज मुळीच घालू नये. काच उलटी फिरण्याची सोय असेल तर बॅटरी काढून परत जोडल्यावर ती काही गाड्यांत काम करत नाही. मोटरला काचेची वरची आणि खालची हद्द पुन्हा शिकवावी लागते, आणि त्याची कृती गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेली असते. नवी बॅटरी बसवल्यावर मेकॅनिककडून हे करून घेणं बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. मागे मुलं असताना ड्रायव्हरपाशी असलेलं मागच्या काचांचं लॉक लावून ठेवावं, आणि किल्ली घेतल्याशिवाय मुलांना गाडीत ठेवून उतरू नये.

आपली गाडी एखाद्या रिकॉलमध्ये आहे का, हे चॅसी नंबरवरून कळतं. सतरा अक्षर-अंकांचा हा क्रमांक आरसीवर छापलेला असतो आणि गाडीच्या सांगाड्यावर कोरलेलाही असतो. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर तो टाकून पाहता येतो. नाहीतर अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारावं. मालक कितवा आहे याच्याशी दुरुस्तीचा संबंध नसतो. जुनी गाडी घेताना इंजिन, टायर, विमा पाहतात तेव्हाच हा क्रमांक तपासून घ्यावा आणि कंपनीच्या सेंटरमध्ये आपलं नाव व मोबाइल नंबर नोंदवून ठेवावा. पुढचा मेसेज मग योग्य माणसाकडे येईल.